शाखाबदलाचा अर्ज

दहावीपर्यंत केमिस्ट्री नावाचा प्राणी आम्हाला माहीतच नव्हता. विज्ञानाचं पुस्तक होतं, त्यात मूलद्रव्यं, रेणू, संयुजा, क्षपण असं सगळं मराठीतून, आणि सगळं पाठ. अकरावीला पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर 'मोल कन्सेप्ट' असं लिहिलं, इंग्रजीतून चार वाक्यं बोलले, आणि वर्गात अशी शांतता पसरली की बाहेर हायवेला ट्रकवाल्यानं गिअर बदललेला ऐकू आला. आम्ही सगळे माना डोलवत होतो. खेड्यातली पोरं काही कळलं नाही की मान जरा जास्तच डोलवतात.

नव्वद सालचा जून होता. आमच्या गावातनं सायन्सला आम्ही दोघीच, मी आणि माझी सोबतीण. सोबतीण हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण मला कॉलेजला घातलं तेच सोबतीच्या अटीवर. घरात शब्द आप्पांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं, शेती मागनं आली. शाळेचं तोंड त्यांनी बघितलं नव्हतं, पण नातीला शिकवायला त्यांची ना नव्हती. "दोघी असशीला तर जावा," ते म्हणाले होते. "एकली पोर उसातनं यायची न्हाई."

राहू गावच्या रस्त्याला आमचा फाटा, फाट्यापासून गाव दीड मैल, आणि दोन्ही अंगांनी ऊस. कॉलेज यवतच्या बाजूला, हायवेवर. आर्ट्सची पोरं सकाळी सातला यायची आणि साडेअकराला घरी जायची, त्याच खोल्यांत मग आमचं सायन्स भरायचं. प्रॅक्टिकल उरकून एसटीनं फाट्यावर उतरेपर्यंत थंडीत अंधारून यायचं. म्हणून सोबत पाहिजे. त्यात आप्पांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

तिचं घर आमच्यापेक्षा मोठं. वडील सोसायटीचे चेअरमन, बागायती रान, गावात मान. दहावीला तिला बरे मार्क पडले, आणि चेअरमनची पोरगी आर्ट्सला गेली तर पाव्हण्यारावळ्यांत सांगायचं काय? झालं, सायन्स. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती मराठी म्हणाली असती. शाळेत तिचा निबंध बाई दुसऱ्या वर्गांत नेऊन वाचायच्या, आणि इतिहासाचा धडा ती अशी सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं ही तिथं हजर होती. मला मात्र सायन्सच पाहिजे होतं. सरकारी दवाखान्यात काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरणारी एक बाई मी लहानपणी बघितली होती. तसा पांढरा कोट घालून बसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तर केमिस्ट्री. गणित नको असेल तर सोडता यायचं, बायॉलॉजी नको असेल तर तेही सुटायचं, केमिस्ट्री मात्र सुटायची नाही. मला ती पहिले दोन महिने जड गेली. मग एक दिवस एसटीत बसल्या बसल्या मोल म्हणजे काय ते डोक्यात शिरलं. डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की एक भलामोठा ठरलेला आकडा, बस्स. एवढ्यासाठी दोन महिने रडवलं होय, असं म्हणत मी एकटीच हसले. मी तिलाही तसंच समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग डझनच म्हणायचं की. ह्ये कशाला?"

ती पाठ करायची. कळो न कळो, इंग्रजी परिच्छेदच्या परिच्छेद, स्वल्पविरामासकट. एकदा सरांनी तिला उभं केलं आणि व्याख्या विचारली. तिनं घडाघडा सांगितली. सर खूश झाले. म्हणाले, "छान. आता सांग, पाण्याचा एक मोल म्हणजे किती ग्रॅम?" तिनं जरा थांबून पुन्हा तीच व्याख्या पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वर्ग खिदळला. सर हसले नाहीत, "बस" म्हणाले. सर माणूस चांगला होता, पण त्यांनाही पुस्तक संपवायचं होतं. मला उत्तर येत होतं, ती माझ्या शेजारीच उभी होती, आणि तरी मी हळूच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, देव जाणे. येतं म्हणून मिरवायची लहर असेल.

प्रॅक्टिकलला तर तिची दशा बघवत नसे. ब्युरेटच्या उभ्या काचनळीतनं थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या पाण्याला फिकट गुलाबी झाक आली की तिथंच तोटी बंद करायची. तिच्याकडनं एक थेंब जास्त पडायचा आणि सगळं गडद होऊन बसायचं. पुन्हा धुवा, पुन्हा भरा. शेवटी माझीच रीडिंग ती आपल्या जर्नलात उतरवून घ्यायची. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळं सर तिच्या जर्नलावर नेहमी 'गुड' लिहायचे.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत तिला केमिस्ट्रीत शंभरात अकरा पडले. पोरांची तर गळतीच लागली. रोज एकजण सकाळच्या आर्ट्सला पळायचा. प्राचार्यांनी नोटीस लावली, शाखा बदलायची असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांच्या सहीनं अर्ज द्यावा, नंतर ऐकून घेतलं जाणार नाही. तिनं घरी आठ दिवस रडून काढले. जेवेना. तेव्हा कुठं तिच्या आईनं मधे पडून चेअरमनची सही मिळवली. ते सही करताना म्हणाले म्हणे, "कर तुला काय करायचं ते. माझं नाक कापलंच हाय."

आणि नेमका तिला ताप भरला. मी बघायला गेले तर घोंगडी पांघरून पडलेली. उशाखालून तिनं घडी घातलेला कागद काढला. "ऑफिसात दे गं. उद्याच दे. तीनच दिस राह्यल्यात."

तिला असं मोकळं झालेलं मी कितीतरी दिवसांनी बघत होते. तापातही तोंडावर तेज आलं होतं. मी कागद घेतला, "देते की" म्हणाले, आणि घरी येता येता वाटेत मनात आलं. ती सकाळी सातच्या वर्गाला गेली तर संध्याकाळी माझ्याबरोबर कोण? ती आजारी होती त्या दिवसांत चुलता मला फाट्यावर न्यायला यायचा, आणि रोज वाटेत कुरकुर. "आपल्याला काय ह्ये रोजचं जमायचं न्हाई. सांगून ठिवतो." त्याचं ते बोलणं ऐकत मी उसातनं चालायचे आणि मला दिसायचं, आपण आता महिनाभरात घरी, आणि वर्षात लग्नाच्या बोहल्यावर.

पहिल्या दिवशी मी अर्ज दिला नाही. दुसऱ्याही दिवशी दिला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. क्लार्कनं विचारलं, "काय पाहिजे?" अर्ज माझ्या हातातल्या जर्नलात होता. मी म्हणाले, "एसटीच्या पासचा फॉर्म." त्यानं फॉर्म दिला. मी तो घेतला आणि घरी आले. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पाणी तापवायचं काम माझ्याकडं होतं, त्या चुलीत मी तिचा अर्ज घातला. सोळा वर्षांची होते, अजाण होते, असं कुणी म्हणेल. मला काय करतेय ते नीट कळत होतं.

तिला जाऊन सांगितलं, "क्लार्क दोन दिवस रजेवर होता गं, नंतर मुदत संपली म्हणाले. दोनदा गेले मी." तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ओळखलं हिनं. पण ती म्हणाली, "दोनदा गेलीस व्हय. जाऊ दे मग." चेअरमनना तर आनंदच झाला. "बरं झालं. गुमान शिक आता," म्हणाले. कॉलेजात जाऊन विचारायला कुणी गेलंच नाही.

पुढचं दीड वर्ष मी तिला केमिस्ट्री शिकवली. पापाचं परिमार्जन म्हणा. एसटीत, फाट्यावर, तिच्या ओट्यावर. ऑक्सिडेशन नंबर, समीकरणं जुळवणं, बारावीचं ऑरगॅनिक. पालथ्या घड्यावर पाणी. कधी कधी माझा तोल जायचा, मी तिच्यावर खेकसायचे, आणि ती उलट मलाच म्हणायची, "दमलीस गं माझ्यापायी." असं ती म्हणाली की मला स्वतःची चीड यायची, आणि ती चीडही मी तिच्यावरच काढायचे.

बारावीच्या जानेवारीत तिनं हाय खाल्ली. जादा तासांना येणार नाही, घरीच वाचते म्हणाली. म्हणजे जे टळावं म्हणून एवढं केलं तेच समोर येऊन उभं राहिलं. मी घाबरत घाबरत आप्पांना सांगितलं, ती येत नाही, मी एकटीच आहे. आप्पा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"मग?" ते म्हणाले. "परीक्षा तुझी हाय का तिची? तू जा. फाट्यावर मी येत जाईन."

आणि आले. रोज. काठी टेकत दीड मैल यायचे, एसटीची वाट बघत दगडावर बसायचे. चार-पाच दिवसांनी मी न राहवून विचारलं, "आप्पा, अकरावीलाच ती आर्ट्सला गेली असती, तर?"

"तवाबी आलो असतो की."

"पण तुम्ही म्हणाला होतासा, एकली न्हाई म्हणून."

"म्हनलो आसंल," आप्पा म्हणाले. "पर तू इचारलं कुठं?"

ते पुढं काहीतरी बोलत होते, उसाला तोड कधी लागणार याचं. माझं लक्ष नव्हतं. सव्वा वर्ष मी एक समजूत उराशी धरली होती, की मी केलं ते वाईट केलं पण दुसरा इलाजच नव्हता. ती समजूतही गेली. आप्पांना एक शब्द विचारायचा होता आणि मी तो विचारला नव्हता.

निकाल लागला. मी पास. ती केमिस्ट्रीत नापास, बाकी सगळ्यात पास, आणि मराठीत कॉलेजात पहिली. मराठीचे सर तिला शोधत वर्गात आले होते, पण ती निकाल घ्यायला आलीच नव्हती. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा केमिस्ट्री राहिली. मग चेअरमननी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला शिरूर तालुक्यात दिली. नवरा रांजणगावच्या एका कंपनीत लागला. माणूस चांगला आहे, तिला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण तिचा निबंध वाचून दाखवणाऱ्या बाई एकदा मला भेटल्या, म्हणाल्या, "ती काय करते गं? मला वाटलं होतं प्राध्यापक होईल." मी म्हणाले, "लग्न झालं."

मी दौंडला बी.एस्सी. केलं, मग बी.एड., आणि शिरूरला हायस्कूलात लागले. रक्ताच्या थेंबाचं राहिलं ते राहिलंच. तिचं येणं-जाणं असायचं, संक्रांतीला, गौरीला. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. दर वेळी चहा व्हायचा, कपबशा उचलल्या जायच्या, ती निघून जायची.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये ती पोरीला घेऊन आली. पोरगी दहावी झालेली, सायन्सला जाते म्हणून हटून बसलेली. "हिला जरा सांग केमिस्ट्री कशी असती ती," ती म्हणाली. "मी सांगून ऐकंना. म्हनलं, माझ्यावर गेली असशील तर तुझं काय खरं न्हाई. मी मठ्ठ ती मठ्ठच राह्यले."

"मठ्ठ नव्हतीस तू," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा, पोरगी दचकून बघायला लागली.

"आता गं बया. दोनदा नापास झाले ती का उगंच?"

पोरगी म्हणाली, "आई, नव्हतं जमत तर तू आर्ट्स का नाही घेतलंस?"

तिनं सांगितलं. अर्ज, ताप, मुदत, सगळं. "मावशी दोनदा गेली ऑफिसात माझ्यासाठी," म्हणाली. मी खाली मान घालून बसले होते. आता बोलायचं, मी मनाशी ठरवलं. पोरीसमोरच बोलायचं, होऊ दे काय व्हायचं ते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पोरीला म्हणाली,

"एक सांगू का? मला पुष्कळ वर्षं वाईट वाटायचं. मग इचार केला, मी आर्ट्सला गेले असते तर हिच्या आप्पांनी हिला एकलीला धाडलंच नसतं. हिचंबी बंद झालं असतं. माझं न्हाई तर न्हाई, हिचं तरी झालं. तेवढ्यासाठी तरी मी कामाला आले का न्हाई?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली नव्हती, तिला उत्तर पाहिजे होतं. फाट्यावरच्या दगडावर बसलेले आप्पा मला दिसत होते. त्यांचं बोलणं तिला सांगितलं तर तिच्याजवळ काय उरणार होतं?

"व्हय," मी म्हणाले. "तुझ्यामुळंच झालं."

ती पोरीकडं वळली. "ऐकलंस?" म्हणाली.