गावं सांगत चला

आधीच सांगून ठेवतो, माझ्या शुद्धलेखनाला हसू नका. आमच्या शाळेत सगळं उर्दूत होतं, आणि तीही मी लवकर सोडली. मराठी लिहिणं मागाहून शिकलो, पोथ्या वाचून आणि रद्दीत आलेली वर्तमानपत्रं वाचून. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील. तुम्ही मंडळी पारावर "सांग रे किसन दवाखान्यातलं काही" म्हणता तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहून देतो.

डॉक्टरसाहेबांच्या खोलीत एक फळी आहे. लोकांच्या पोटातून काढलेले मुतखडे तिच्यावर बाटल्यांत ठेवलेले असतात. नवा आला की जुना मागे सरकतो, फेकत कोणी नाही. दवाखान्यातले किस्से असेच साठतात.

साहेब म्हणजे डॉक्टर रत्नपारखी, आमच्या जालन्यातले सर्जन. हैद्राबादला शिकले, मग विलायतेला जाऊन आणखी एक परीक्षा दिली. दोन्ही सनदा चौकटीत घालून भिंतीला लावल्यात. मी त्यांच्याकडे ऑपरेशनच्या वेळी रोग्याच्या डोक्याकडे उभा राहतो आणि जाळीच्या मास्कवर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडतो. ही माझी जागा. पुढे जे काही आहे ते या जागेपायीच आहे, म्हणून आधी सांगितलं.

*

राजूरकडचे दोघे साडू. दोघांनाही खडा. थोरल्याचं ऑपरेशन झालं, लिंबाएवढा खडा निघाला. त्यानं तो फळीवर ठेवू दिला नाही. फडक्यात बांधून गावी नेला आणि पारावर सगळ्यांच्या हातात दिला.

महिन्याभरानं धाकटा आला. त्याचा खडा निघाला सुपारीएवढा. शुद्धीवर आल्यावर मी बाटली दाखवली. त्यानं ती उजेडाकडे धरून बघितली.

"एवढाच?"

"एवढाच होता," साहेब म्हणाले.

"साहेब, बराबर बघितलं न्हाई तुम्ही. माझं तर त्याच्याहून जास्ती दुखून राह्यलं होतं. आत अजून असंल. पुन्हा एकडाव बघा की."

साहेब म्हणाले, "अरे, लहान निघाला हे नशीब समज."

"तुम्हाला साडू न्हाई साहेब," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

*

भिंतीवरच्या सनदांचं लोकांना फार कौतुक. पण भोकरदनच्या एका पाटलीणबाईंनी दोन्ही चौकटी नीट बघितल्या आणि विचारलं, "कोणतरी पास झाला, ते कळलं. पण यात फोटू न्हाई. तो तुम्हीच हे कशावरनं?"

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी फोटो काढून घेतला आणि दोन सनदांच्या मध्ये लावला.

पाडव्याला काकूंनी, म्हणजे साहेबांच्या घरच्यांनी, दवाखान्याच्या दाराला माळ केली. थोडी फुलं उरली. ती वाया कशाला जाऊ द्यायची म्हणून त्यांनी साहेबांच्या फोटोला घातली. त्याच सकाळी बदनापूरचा एक म्हातारा गाडीनं आला. दारातून आत बघितलं, फोटोला हार. तो तसाच डोळे पुसत स्टेशनावर परत गेला. वाटेत भेटेल त्याला सांगत गेला.

दुपारी उस्मानमियाँ आले. उस्मानमियाँ जुन्या पद्धतीचे जर्राह, म्हणजे गळवं फोडणारे, हाडं बसवणारे. त्यांच्या बापजाद्यांपासून हे काम चालत आलेलं. साहेब जालन्यात येईपर्यंत गावची सगळी गळवं त्यांचीच होती. त्या दिवशी त्यांनी स्वच्छ शेरवानी घातली होती, चेहरा अगदी उतरलेला, अत्तर मात्र लावलेलं. ओसरीवर टेकले आणि मला म्हणाले, "बडे अच्छे आदमी थे."

तेवढ्यात आतून साहेब हात पुसत बाहेर आले.

उस्मानमियाँनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. उठले, टोपी सारखी केली.

"खैर," म्हणाले, "फिर कब्बी आतौं."

*

याच उस्मानमियाँची दुसरी गोष्ट. साहेबांच्या पाठीवर गळू झालं, दोन खांद्यांच्या मधोमध. ताप आला, बसता येईना, निजता येईना. औरंगाबादला जायचं तर गाडीत टेकणार कसे? आणि सर्जन असला तरी माणूस स्वतःच्या पाठीला पोचत नाही. शेवटी काकूंनीच मला उस्मानमियाँकडे पाठवलं.

ते आले. गळू बघितलं. मग भिंतीवरच्या सनदा बघितल्या. दोन्ही उभं राहून सावकाश वाचल्या, कळत असल्यासारख्या.

"वो कागज कू बोलो ना," म्हणाले, "काट देता."

साहेब पालथे पडलेले. उशीतूनच म्हणाले, "मियाँ, चूक झाली. आता कापा."

मियाँनी कापलं. मी त्यांचा वस्तरा उकळून दिला, त्यालाही त्यांनी थोडी कुरकुर केली. पण हात असा की साहेबांना कळायच्या आत झालं. पैसा घेतला नाही.

पुढच्या जुम्म्याला त्यांच्या दुकानावर नवी पाटी लागली. उर्दूत आणि मराठीत, दोन्हीकडून वाचता येईल अशी: 'डॉक्टर रत्नपारखीसाहेब यांचे खास जर्राह'.

काकू चिडल्या. साहेब म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?" पण मी बघितलंय, त्यानंतर कित्येक दिवस बाजारातून जाताना ते त्या दुकानापुढच्या रांगेकडे तिरक्या नजरेनं बघायचे.

*

आता माझ्या कामाचं. क्लोरोफॉर्म देताना रोग्याला काहीतरी बोलत ठेवावं लागतं. बोलणं जड झालं की समजायचं, झोप लागत आली. साहेब विलायतेत आकडे मोजायला लावत. इकडच्या माणसाला टेबलावर आकडे मोजायला सांगितलं की तो आणखी घाबरतो. त्याला वाटतं हा हिशेब आपल्या आयुष्याचाच चालू आहे.

मी नवीन होतो तेव्हा एक शेतकरी असाच थरथरत होता. मला दुसरं सुचेना. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "दादा, इथून घरी निघा. वाटेतली गावं सांगत चला." तो सांगायला लागला. गावं, ओढे, मोठा लिंब, पिराचं थडगं. थरथर थांबली आणि घर यायच्या आधी तो झोपला. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून ती जागा माझी. साहेब पाहुण्या डॉक्टरांना सांगायचे, "ही आमच्या किसनची रीत." मी लाजून बाटलीचं बूच घट्ट करत बसायचो.

एकदाच ही रीत फसली. माणूस बदनापूरचा होता. जालन्याहून बदनापूर केवढं? मी म्हणालो, "निघा घरी." दोन-चार नावं घेतली आणि तो उठून बसायला लागला.

"आरं, काय करून राह्यलात?"

"आलं की बदनापूर," तो म्हणाला. "उतरू द्या जल्दी, गाडी थांबत न्हाई."

त्याला मी पुन्हा झोपवलं आणि लांबच्या सासुरवाडीला पाठवलं. तेव्हापासून जवळच्या गावच्या माणसाला आधी सासुरवाडी कुठं ते विचारून घेतो.

*

मग मदनलाल आला.

मदनलाल सदर बाजारातल्या कापडवाल्या जैन घरातला. हैद्राबादहून कंपाउंडरची परीक्षा पास होऊन आलेला. सनद गुंडाळून पत्र्याच्या नळीत आणली होती. साहेबांनी ती स्वतः चौकटीत घातली आणि आपल्या फोटोखाली लावली. मी हातोडी धरून बाजूला उभा होतो. खिळा ठोकायचं काम माझं.

त्याच्याविषयी वाईट सांगावं तर सापडत नाही, हीच अडचण. कपडे पांढरे, बोलणं गोड. रोगी त्याला पहिल्याच दिवशी "डॉक्टर" म्हणायला लागले. मला अजून "ए भाऊ, पाणी दे रे" म्हणतात. चतुर्थी असली की काकू मला खिचडी द्यायच्या. आता त्याच्याकरिता कांदा-लसणाशिवायची भाजी वेगळी करून ठेवायला लागल्या. तो भूक नाही म्हणाला तरी.

एक दिवस साहेब मला म्हणाले, "किसना, दसऱ्यापासून डोक्याकडं मदनलाल उभा राहील. त्याच्याजवळ सनद आहे, उद्या काही झालं तर कोणी बोट दाखवणार नाही. तू ड्रेसिंग बघ."

मी "बरं" म्हणालो. त्या दिवशी माझ्या हातून दोन बाटल्या फुटल्या.

पहिल्या रोग्याला मदनलालनं आकडे मोजायला लावले, पुस्तकात होतं तसे. माणूस पिंपळगाव रेणुकाईचा, म्हणजे माझ्याच गावचा. वीसपर्यंत मोजून थांबला. मदनलालला वाटलं झोपला. साहेबांनी चाकू उचलला.

"पुढचं येत न्हाई," टेबलावरून आवाज आला. "मास्तर, घरी जाऊ का?"

साहेब हसले नाहीत. मीही हसलो नाही, पण मला ती ड्रेसिंगची खोली त्या दिवशी फार आवडली.

संध्याकाळी मदनलाल माझ्याजवळ आला. "किसनभाऊ, ते गावांचं मला सांगा ना. हैद्राबाद सोडलं तर मी बाजाराबाहेर कधी गेलोच न्हाई. राजूरच्या रस्त्यानं काय काय लागतं?"

मी उस्मानमियाँचं वाक्य थोडं बदलून म्हणालो, "सनदेला विचार."

तो पुढच्या चतुर्थीला बैलगाडीत बसून राजूरच्या गणपतीला गेला. गाडीवानाला वाटभर विचारत गेला, हा ओढा कोणता, ती वाडी कोणाची. परत आला तो माझ्यासाठी प्रसाद घेऊन. देवाचा प्रसाद, नको म्हणता येत नाही. खाल्ला. चांगला गोड होता, म्हणून जास्त राग आला.

आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "दादा, घरी निघा. गावं सांगत चला." माझा सदरा दुसऱ्यानं घालून हिंडावं तसं वाटलं मला. त्यालाच तो जास्त शोभतो की काय, ही भीती वेगळीच.

*

शेवटचा किस्सा माझाच आहे.

गेल्या महिन्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. मी दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करता करता खाली बसलो. साहेबांनी पोट दाबून बघितलं. "अपेंडिक्स. आत्ताच कापायचं."

मला कापण्याची भीती नव्हती. टेबलावर पडल्यावर वर बघितलं तर मदनलालचा चेहरा, उलटा. क्लोरोफॉर्मखाली माणसं काय काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. लपवलेलं सोनं सांगतात, सासूला शिव्या देतात. माझ्या पोटात अपेंडिक्सशिवाय आणखी काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि ते ऐकायला नेमका हाच उभा.

"किसनभाऊ," तो हळू म्हणाला, "घरी निघा. गावं सांगत चला."

मी दात आवळले. माझी रीत, ती माझ्यावरच? मी म्हणालो, "एक. दोन. तीन."

"आरं, हे काय?" साहेब म्हणाले.

"पुस्तकात आहे तसं," मी म्हणालो. "चार. पाच."

मास्कचा गोडसर वास आला. सहा मला आठवतो. सात म्हणालो असेन.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोंड कोरडं. खाटेशेजारी साहेब बसले होते, मदनलाल दाराशी दिवा पुसत होता.

मी विचारलं, "साहेब, मी काही बोललो का?"

"आकडे मोजलेस."

"मग?"

"मग निघालास घरी. राजूर सांगितलंस, गणपतीला हात जोडलेस, टेबलावरच. भोकरदनला केळणा नदीत पाय धुतलेस. आम्हाला वाटलं आता झोपेल, पण तू थांबायलाच तयार नाहीस. थेट पिंपळगाव. दारात उभा राहून आईला हाक मारलीस."

"काय म्हणालो?"

साहेबांनी मदनलालकडे बघितलं. तो दिवा पुसतच होता, काच केव्हाची स्वच्छ झाली होती.

"म्हणालास, 'आई, आणखी एक ताट मांड. मदनलाल आलाय माझ्यासंगं, बाहेर उभा आहे, लाजून राह्यलाय.'"

मदनलालनं दिवा लावला आणि बाहेर गेला. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो, त्या धाकट्या साडूसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वीसपर्यंत मोजणारा आमच्या गावचा माणूस जखम दाखवायला येऊन परत घरी निघाला होता. मी त्याला खाटेजवळ बोलावलं आणि आईला निरोप दिला, "मी बरा हाये. हिंडायला लागलो की येतो, दोघं जण येऊ. आणि म्हणावं, एकाच्या भाजीत कांदा-लसूण घालू नको."