पाळकसाहेबांचा चहा
गवती चहाचा वास आला की वडगाव निंबाळकरच्या आमच्या वस्तीतले पाळकसाहेब आठवतात. चर्च सांभाळून ते वस्तीला नळ मिळावा म्हणून घरोघरी हिंडायचे. गावातली माणसं आमच्या घरचं पाणी टाळायची, पण साहेबांनी कुणाचा चहा कधी टाळला नाही. एकदा मात्र माझ्या दारात म्हणाले, "आज चहा नगं, बाई." मला झोंबलं. "आमच्या हातचा चालत न्हाय व्हय, साहेब?" ते आत येऊन बसले. कारखान्याची साखर घरात होतीच. मी चमचे भरभरून घातली. त्यांनी बशी संपवली, आणि पुढंही दर फेरीला संपवत राहिले. शुगरनं त्यांचा पाय कापावा लागला, तेव्हा ते ‘नगं’ मला कळलं. मी दवाखान्यात भेटायला गेले, तर त्यांनीच थर्मास पुढं केला, "घे बाई, बिनसाखरेचा हाय." आता दारात नळ आलाय. त्याच पाण्याचा चहा करते, आणि साखरेच्या डब्याकडं बघवत नाही.