पाचव्या शीलाचा खोकला

आमच्या रोहण्याच्या चंद्रभानला प्रचारक म्हणून कुणी नेमलं नव्हतं. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर धम्म पोचवायचं काम त्यानं आपलं आपणच अंगावर घेतलं. आठवडाभर तो दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करी. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी, तेव्हा जग बाजाराला जाई आणि हा प्रचाराला. सोबत रामाजी. रामाजी सहसा बोलत नसे. काचेत मढवलेला बुद्धाचा फोटो घोंगडीत गुंडाळून तो पाठीवर नेई, आणि काच फुटली नाही की दिवस चांगला गेला असं समजे.

वस्तीवर पहिलं स्वागत कुत्री करत. मग म्हातारी माणसं घरातले देव ज्वारीच्या कणगीत लपवत आणि हात जोडून बाहेर येत. चंद्रभानला सगळं ठाऊक असे, पण परक्याच्या कणगीत हात घालू नये एवढं त्याला कळत होतं. कुणी विचारी, या धम्मानं ताप उतरते काय. तो नाही म्हणे, आणि विचारणारा उठून जाई. उरलेल्यांकडून तो पंचशील म्हणवून घेई. पहिली चार शीलं वस्ती एका आवाजात म्हणे. पाचवं आलं, दारू पिणार नाही असं म्हणायची वेळ आली, की पुरुषांना खोकला येई. चंद्रभान तो खोकला होकार धरून पुढं जाई. माणूस आत्ता कुठं दारात आला, त्याला आल्या आल्या कशाला झाडायचं, असं त्याचं म्हणणं. परतताना गळ्यात झेंडूची माळ असे आणि पोटात नुसता चहा. तरी तो वाटभर खुशीत असे. तसली खुशी मजुरीत त्याला कधी मिळाली नव्हती.

अठ्ठावन्न साली त्याच्या पोरीचं, कोकिळेचं, लग्न ठरलं. मुलगा हरिदास, आष्टीकडच्या रूपरावांचा. रूपरावांचा शब्द तिकडच्या तीन वस्त्यांत चाले. लग्न नव्या विधीनं नीट पार पडलं तर तिन्ही वस्त्या दीक्षा घेतील, असं त्यांनी कबूल केलं होतं. तुम्हाला आनंद पोरीच्या लग्नाचा की वस्त्यांचा, असं बायको आनंदाबाई रोज विचारी.

विधी त्यानंच लावला. नव्या विधीत नवरीनंही तोंडानं म्हणायचं असतं, हे त्यानं घरी पढवून ठेवलं होतं. कोकिळेनं पाचही शीलं खणखणीत म्हटली. हरिदासनं चार म्हटली आणि पाचव्याला त्याला खोकला आला. चंद्रभान सवयीनं हारांकडे वळला.

"बाबा," कोकिळा म्हणाली, "त्याइले पाचवं पुन्हा म्हणायले लावा. ते खोकलले."

पोरगी मंडपात बोलते कशी, असं रूपरावांनी विचारलं आणि हार घालून मोकळं व्हा म्हणून सांगितलं. हार चंद्रभानच्या हातातच होते. ते घातले की तीन वस्त्या त्याच्या होत्या. पण पोरगी त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या प्रचाराची भीती वाटली. त्यानं हार ताटात ठेवले आणि हरिदासला पाचवं शील पुन्हा म्हणायला सांगितलं.

"मामाजी, खोटं कायले बोलू?" हरिदास म्हणाला. "मले ते नाई जमत."

लग्न मोडलं. स्वयंपाक झालेला होता, म्हणून वऱ्हाड जेवून गेलं. आनंदाबाई लेकीशी बोलेना. चंद्रभान मंडपाच्या खांबाशी बसून रडला. पोरीसाठी रडला आणि वस्त्यांसाठीही. रामाजी तिथंच फोटो घोंगडीत बांधत होता.

"रडता काऊन?" तो म्हणाला. "एवढे गावं हिंडलो आपण. एकानं तरी आयकलं न तुमचं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी रामाजीचा गुडघा धरला होता. फोटो कोकिळेनं पाठीवर घेतला आणि बापामागं निघाली. वस्तीवर चार शीलं झाली, पाचवं आलं आणि खोकला सुरू झाला. चंद्रभान थांबला. खोकला पुरता ओसरू दिला आणि लेकीकडे न बघता म्हणाला, "आता पुन्हा म्हणा."

निम्मी माणसं उठून गेली. उरलेल्यांनी म्हटलं. त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही.