उसनी साक्ष

मीटरकाकांना परक्या घरात शिरायची सवय होती, आणि फादरांनी त्यांना निवडलं ते या एकाच गुणावर. काकांनी उभं आयुष्य विजेचे मीटर वाचण्यात घालवलं होतं. त्या काळी मीटर घरात असायचे, कुणाचा दारामागे, कुणाचा स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर, आणि आकडा टिपायला आलेल्या माणसाला आत घ्यावंच लागे. मग कंपनीने सगळे मीटर उचलून बाहेर जिन्याखाली नेले, आकडे आपोआप ऑफिसात पोचू लागले आणि काकांच्या हातात नारळ आला. लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे घरी बसून भांडायलाही कुणी नव्हतं.

शहराच्या कडेला नवी वसाहत उठत होती आणि तिथलं धर्मग्राम, म्हणजे एका चर्चला जोडलेली भाविक मंडळी, तेही नवंकोरं होतं. चर्चची इमारत अजून कागदावरच होती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, शाळेच्या हॉलमध्ये व्हायची, वेदी म्हणजे चादर घातलेली दोन टेबलं, आणि फादर इतके तरुण की लोक त्यांना आशीर्वाद मागायच्या ऐवजी जेवलात का विचारायचे. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. फादर काकांना म्हणाले, "इथे लोक साखळी लावून बोलतात. तुम्हाला दार उघडून घेता येतं. सुवार्ता कशी सांगायची ते आपण शिकवू."

दार उघडून घेणं काकांना खरंच येत होतं. घंटी एकदाच वाजवायची, एक पाऊल मागे सरायचं, दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे आणि घरात न डोकावता पायपुसण्याकडे बघायचं. लोक आत घ्यायचे. घोडं पेंड खायचं ते त्यानंतर. पूर्वी आत गेलं की आकडा टिपून बाहेर पडता यायचं, आता देवाबद्दल बोलायचं होतं आणि काकांची जीभ टाळ्याला चिकटायची. ड्यूटीवरून नुकत्याच आलेल्या एका नर्सबाईंना त्यांनी विचारलं, "तुम्हाला देवाकडून काही हवंय का?" ती म्हणाली, "झोप." काका सॉरी म्हणून उठले.

म्हणून त्यांना शिबिराला पाठवलं. शिबिर घेणाऱ्या बाईंचा आवाज मधाळ होता आणि घड्याळाकडे बघायची खोड वाईट. त्या म्हणाल्या, शिकवण लोक विसरतात, साक्ष विसरत नाहीत. आपली स्वतःची गोष्ट सांगा. आधी अंधार, मग देवाची हाक, मग उजेड. काका उभे राहिले. लहानपणी आईबरोबर मिस्सेला जायचो, आई गेल्यावर एकटा जातो, तिथे बसलं की बरं वाटतं, एवढं सांगून ते थांबले.

"छान," बाई म्हणाल्या, "पण यात अंधार कुठे आहे?"

काकांना भर वर्गात वही घरी विसरल्यासारखं झालं. खरं तर देवाजवळ इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहिलेल्या माणसाचा त्या बाईंनी हेवा करायला हवा होता. पण धंदा अंधाराचा होता, आणि काकांजवळ तो माल नव्हता.

तो दादाजवळ होता. दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ, जुन्या शहरात इस्त्रीचं दुकान चालवायचा. त्याची एकुलती एक मुलगी फुप्फुसाच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होती तेव्हा दादा जपमाळ घेऊन तिथल्या फरशीवर तासन्‌तास गुडघे टेकून बसायचा. मुलगी गेली. दफनाच्या दिवशी एका भाविक गृहस्थाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की देवाला फुलं आवडतात.  जपमाळ बाकावर ठेवून दादा बाहेर पडला, तो परत चर्चची पायरी चढला नाही. काका दर रविवारी मिस्सा आटोपून त्याच्याकडे जेवायला जायचे आणि चर्चचा विषय दोघेही काढायचे नाहीत.

एकदाच, दुकानात दुसरं कुणी नसताना, इस्त्री फिरवता फिरवता दादा आपणहून बोलला होता. पोरीला संत्र्यावरचे पांढरे दोरे चालायचे नाहीत. शेवटच्या दिवशी त्याने एकेक फोड दोरे काढून बशीत मांडली, आणि तिने ती खाल्ली नाही. नंतर ती बशी टाकवेना, म्हणून तिथेच उभं राहून त्याने सगळं संत्रं खाल्लं. "तुझ्या वहिनीलाही सांगितलं नाही," दादा म्हणाला होता, आणि पुढचा शर्ट ओढला होता.

नव्या वसाहतीत काकांनी पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली ती "माझ्या भावाची मुलगी" अशीच. ऐकणाऱ्या बाईने चहा टाकला. पुढच्या दारी ती "आमच्या घरातली मुलगी" झाली. "पण तुम्ही कसे सावरलात?" असं कुणीतरी विचारलं आणि काकांनी दुरुस्ती केली नाही. पुढे ती "माझी मुलगी" झाली, आणि चर्च सोडून गेलेले, अंधारात चाचपडलेले आणि हाक ऐकून परतलेलेही काकाच झाले. संत्र्यापाशी आलं की बायका पदर डोळ्याला लावायच्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे काकांना जमून गेलं. खोटं बोलतोय असं त्यांना वाटेनासं झालं होतं, आणि मला विचाराल तर खरा पाय घसरला तो तिथे. लोक मिस्सेला येऊ लागले होते ना!

पण मनात त्यांना एकच माणूस परत यायला हवा होता. शेजारच्या रिकाम्या जागेवर दादा येऊन बसावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणून फादरांनी पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांसमोर साक्ष द्यायला सांगितली तेव्हा जेवताना ते न राहवून दादाला बोलून गेले.

दादाने घास चावला, पाणी प्यायला. "देवाशी माझं काही बोलणं नाही," तो म्हणाला. "पण तू बोलणार असशील तर येईन. मागे बसेन."

काकांचा आनंद पोटात मावेना. त्या दिवशी आपली खरी, साधी गोष्टच सांगायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दादा आला. स्वतः इस्त्री केलेला शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला. काका माईकसमोर उभे राहिले आणि लहानपणी आईबरोबर मिस्सेला जायचो, इथून त्यांनी सुरुवात केली. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कुणीतरी जांभई दिली. पहिल्या रांगेत शिबिरवाल्या बाईंनी घड्याळ बघितलं. काकांचं तोंड आपोआप सवयीच्या वाटेला लागलं. "माझी एक मुलगी होती," ते म्हणाले, आणि हॉल शांत झाला. मग त्यांना थांबता येईना. दादाकडे बघायचं धाडस नव्हतं म्हणून ते वर पंख्याकडे बघत बोलत राहिले. दोरे आले, बशी आली. जिथे थांबायचं तिथे ते थांबलेही. बोलून संपलं तेव्हा शेवटच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

ती नर्सबाई रडत रडत पुढे आली. आपणही आपलं माणूस गमावल्यापासून देवाला तोंड दाखवलेलं नाही, आता यायचंय, असं तिने सांगितलं. फादरांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आज तुमच्या तोंडून पवित्र आत्मा बोलला."

काका नेहमीसारखे जेवायला दादाकडे गेले. दार साखळीपुरतं उघडलं. आत वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"तिला आत्ता सांगितलं मी," दादा म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी."

"दादा, चुकलं माझं. पण एक बाई परत आली त्याने. रडत होती."

"बरं झालं."

"मी तुझ्याचसाठी..."

"ते संत्रं मी खाल्लं होतं," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू नाही. पोर गेल्यावर तेवढं एक माझं होतं."

 जन्माच्या सवयीने काका एक पाऊल मागे सरले, दोन्ही हात दिसतील असे धरले आणि पायपुसण्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "आत येऊ?"

"मीटर बाहेर आहे," दादा म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.