खंडेनवमीला धुतलेल्या वीस गोळ्या

आमच्याकडे फिजिक्समध्ये पीएच.डी. करायची म्हटली की बरेच जण फेराइट घेतात. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला चुंबकीय पदार्थ. कारण सोपं आहे, त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. दोन क्षार, सायट्रिक ॲसिड, एक बीकर आणि एक हॉटप्लेट एवढ्यावर भागतं. द्रावण आटवत बसायचं. आटता आटता त्याचा चिकट गोळा होतो आणि मग एका क्षणी तो आपला आपण पेटून वर येतो. मागे उरते ती काळी, हलकी राख. ती कुटायची, भट्टीत भाजायची, प्रेसमध्ये दाबून औषधाच्या गोळीएवढ्या गोळ्या पाडायच्या आणि पुन्हा भाजायच्या. मी हे नऊ वर्षं केलं. जाफराबादकडच्या एका कॉलेजात तास घेऊन, परीक्षेच्या ड्यूट्या करून, मतदार याद्या तपासून जो वेळ उरेल त्यात केलं. भट्टी तापत आली की लाइट जायची, हे काही वेगळं सांगायला नको.

माझा प्रश्न होता, गॅमा किरणांचा मारा केला तर या गोळ्यांच्या चुंबकत्वात काय फरक पडतो. आता फरक पडला तर पडला, जगाचं काही अडलं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण प्रश्न एकदा आपला म्हटला की तो आपला होतो. मारा करून घ्यायला गोळ्या लांबच्या संस्थेत पाठवाव्या लागल्या आणि नंबर लागायला आठ महिने गेले. चार-चार गोळ्यांचे पाच गट होते. एक कोराच ठेवलेला, बाकीच्या चार गटांना कमी-जास्त मात्रा. परत आल्या तेव्हा वीसच्या वीस तशाच काळ्या, तशाच गुळगुळीत. गोळीवर खूण करावी तर पृष्ठभाग खराब होतो, म्हणून प्रत्येक गट बटरपेपरच्या पुडीत बांधून वर पेन्सिलीनं नंबर घातला होता. याद्या तपासून तपासून माझा कागदावर फार विश्वास बसला होता.

मुदतवाढ दोनदा मिळाली होती. तिसरी मिळाली ती शेवटची, मार्चअखेरपर्यंतची. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार आणि नऊ वर्षं पाण्यात जाणार. आता फक्त शेवटची मोजमापं उरली होती. विद्यापीठातल्या यंत्रावर मला दसऱ्यानंतरचे दोन दिवस मिळाले होते. सुट्टीत कॉलेज बंद, म्हणून गोळ्यांचा स्टीलचा डबा मी घरी आणून फडताळात ठेवला.

घरात मी आणि माझे वडील, अप्पा. अप्पांनी जन्मभर मेंढरं वळली. गुडघे गेल्यावर कळप विकला आणि ते माझ्याकडे येऊन राहिले. येताना एक घोंगडं, एक कुऱ्हाड आणि लोकर कातरायची कातर तेवढी आणली. कळप नसला तरी खंडेनवमीला ती कातर घासूनपुसून पाटावर यायचीच.

त्या खंडेनवमीला सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले. पाटावर कुऱ्हाड होती, कातर होती, माझा विळा होता. आणि पुढं केळीच्या पानावर चार-चारच्या पाच ओळींत माझ्या वीस गोळ्या मांडलेल्या. प्रत्येकीवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट.

"अप्पा, या कुठून काढल्या?"

"फडताळातून. तुहं हत्यार म्हंजी हेच की. दरसाली माहीच हत्यारं पुजून राह्यलो, तुहं राहूनच जातं." ते खूश होते. "चांगले धुतले. लई काळे पडल्ते, म्हनून चिंच लावून घासले. पर मळ काई निघंना."

"आणि पुड्या? कागद होते ना त्याला?"

"ते कळकट कागद व्हय? पानी तापवायला घातले चुलीत. तुला वळखू येतेतच की तुह्या."

मी अंगणात गेले. मला त्यांचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते देव जाणे. बादली घेतली, भरली, ओतून दिली, पुन्हा भरली. नऊ वर्षांत त्या गोळ्यांना माझ्याइतका कुणाचा हात लागला नव्हता, आणि पानावरची कुठली कोरी नि कुठली सर्वांत जास्त किरण खाल्लेली, हे मला सांगता येत नव्हतं. डबा उघडा सोडला तो मीच. आत जाऊन मी पाटाला नमस्कार केला.

विद्यापीठातल्या माझ्या गाइडना फोन केला. माणूस वाईट नाही, माझ्यासारखाच थकलेला. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, हळद धुवा आणि या. वीसच्या वीस मोजा. जिचं चुंबकत्व जास्त ती कोरी, जिचं कमी ती जास्त मात्रेची. त्या क्रमानं लावा. कोण बघायला येतंय?"

म्हणजे जे शोधायचं होतं तेच आधी खरं धरायचं आणि त्यावरून गोळ्यांना नंबर द्यायचे. मला हे कळत होतं. तरीही मी गेले, उगाच साधूपणा कशाला सांगू. दोन दिवस यंत्रापुढं बसून वीस गोळ्या मोजल्या. परतीच्या एसटीत जालन्याच्या पुढं वहीत आकडे क्रमानं लावले आणि आलेख काढला. रेघ अशी सरळ खाली उतरली की बघत राहावं. नऊ वर्षांत एवढा देखणा आलेख मला एकदाही मिळाला नव्हता.

घरी आले तेव्हा अप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मीही शेजारी बसले.

"अप्पा, पाण्यावर दोन कळप मिसळले की काय करायचात?"

"मिसळतेतच की. आपले आपून काढून घेयाचे. तोंडावरून कळतं."

"आणि एखादं नाहीच कळलं तर?"

त्यांनी हातातली शेंग फोडली. "कोकरू असलं तं व्हतं तसं एखांद्या बारीला. मंग सोडून द्यायचं दुसऱ्याच्या कळपात."

"तुमचंच असलं तरी?"

"असंल बी. पर अंदाजानं न्हाई उचलायचं."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी मी गाइडना दोन ओळींचा मेल केला: नमुने मिसळले आहेत, या मोजमापांना अर्थ नाही. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे." नव्या गोळ्या करून पाठवायच्या तर पुन्हा आठ महिने नंबरात, आणि मार्च तर पाच महिन्यांवर. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र एप्रिलात आलं. मी ते वाचलं आणि उत्तरपत्रिका तपासायला बसले. खरेपणानं वागल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला काही हलकं वाटलं नाही. मला झोप येत होती, ती पुढं कितीतरी दिवस येत राहिली.

अप्पांना मी सांगितलं, कॉलेजात काम वाढलंय, पीएच.डी.चं नंतर बघू. ते हो म्हणाले. कधीमधी विचारतात, "कुठवर आलं, माय?" मी म्हणते, चाललंय.

डबा अजून फडताळातच आहे. यंदा खंडेनवमीला सकाळी त्यांनी हाक मारली, "तुहं हत्यार दे जल्दी." मी डबा दिला. त्यांना आता नीट दिसत नाही. तरी एकेक गोळी पाण्यात बुडवून, धोतराच्या सोग्यानं पुसून, चाचपडत पानावर ठेवली. वीस भरल्या तशी माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "सगळ्या वळखू येतेत ना बराबर?"

"येतात, अप्पा," मी म्हणाले, आणि हळदीची वाटी त्यांच्या हाताशी सरकवली.