वाल्व्ह तापेपर्यंत

गावी, लोणीच्या घरी, वडिलांचा वाल्व्हचा जुना अँप्लिफायर आहे. आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत तो आवाजच देत नाही. म्हणून शेतातून आले की वडील आधी त्याचं बटण दाबतात, मोरीत हातपाय धुतात, मग कॅसेट लावून खुर्चीत बसतात.

मला हे ताटकळणं सहन होईना. दिवाळीला मी पुण्याहून ट्रान्झिस्टरचा नवाकोरा अँप्लिफायर नेला. जुन्याचा आवाज काकवीसारखा दाट, तर याचा साखरेसारखा, दाणा न् दाणा वेगळा. शिवाय बटण दाबताच वाजणारा.

वडिलांनी कौतुकानं ऐकला. दुसऱ्या दिवशी मात्र शेतातून आल्यावर त्याचंही बटण दाबलं आणि मोरीत गेले. मी वैतागून कॅसेट लावली, तर आतून ओरडले, "बंद कर आधी!"

"अहो दादा, हा लगेच तयार असतो. याला तापावं लागत नाही!"

पाय पुसत ते बाहेर आले. "त्यो असंल रं तयार. मी कुठं झालोय?"

नवा अँप्लिफायर आता पुण्यात माझ्याकडेच आहे. ऑफिसातून आलो की मी आधी त्याचं बटण दाबतो आणि हातपाय धुवायला जातो.