तांदळात लिहिलेलं नाव

मंगळवार, ११ मार्च. काम : डिंकाचे लाडू वळणे.

माझं एक नाव चार वर्षं कॅनडापासून लपून राहिलं होतं. लबाडीने नव्हे, गैरसमजाने!

झालं असं. आमची सोनाली कॅनडात, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईने करायचं, हा माझा हक्क. पण व्हिसा आधी आला कोणाला? कोपरगावच्या विहीणबाईंना! (तिसरा लाडू मुठीत फुटला, तो पाक कमी पडल्यामुळे नव्हे.)

माझ्या अर्जासाठी एजंटने या वेळी शाळेचा दाखलाही मागितला. त्यावर नाव : हौसाबाई. लगेच लेकीचा फोन.

"आई, ही हौसाबाई कोण?"

"मीच! लग्नात तुझ्या बाबांनी हौसाची मंगल केली."

"अगं, चार वर्षांपूर्वीच्या अर्जात 'पूर्वी दुसरं नाव होतं का?' याला तू 'नाही' लिहिलंयस!"

"मला वाटलं, चोराचिलटांसारखं खोटं नाव विचारतायत!"

"आता आपणहून चूक कळव. दडवलंस असं वाटलं तर आलेला व्हिसासुद्धा जातो!"

चूक कळवणारं पत्र लिहिलं, लाडवांचं पातेलं झाकलं आणि मी नि हे एजंटकडे गेलो. त्याने पत्राचा मजकूर वाचला : 'लग्नात पतीने ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिले.'

"काकू, याला पुरावा?"

"त्या तांदळाचा भात झाला!"

हे उत्साहाने म्हणाले, "मी साक्षीदार आहे ना."

"साक्षीदार कसले? आरोपी तुम्हीच!"

घरी येऊन लाडवांना पुन्हा हात घालते तोच विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल.

"ताई, तुमी कायबी काळजी करू नका. धुरी, शेक, लाडू, समदं मी करते की!"

लाडूसुद्धा? चौथा फुटला. मग मी अगदी साखरेच्या आवाजात विचारलं, "विहीणबाई, तुमचं नाव लग्नात बदललं होतं का हो?"

"व्हय! शेवंताची सुरेखा झाले."

"अर्जात लिहिलंत?"

"न्हाई बा! म्हायेरचं नाव म्हायेरात राहिलं!"

मला इतका आनंद झाला, की उरलेले सगळे लाडू एकही न फुटता, गोल गरगरीत वळले गेले! शेवटचा डब्यात ठेवताना मात्र डोक्यात प्रकाश पडला. माझा व्हिसा आलेला नाही, त्यांचा गेला, तर पोरीच्या उशाशी बसणार कोण? एजंट?

बुधवार, १२ मार्च. सकाळी उठल्याबरोबर विहीणबाईंना फोन लावला, सगळं समजावलं आणि शेवंताचं पत्र स्वतः लिहून पाठवलं. ते हौसाच्या पत्रापेक्षा फारच सुरेख उतरलं.

म्हणून मी माझं फाडलं आणि पुन्हा लिहायला बसले!